जुन्या बीटलसाठी मोठे इंजिन निवडताना

फोक्सवॅगनच्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) बीटलचे इंजिन बदलायचे ठरले की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न ‘किती सीसीचे बसवू?’ हा असतो. माझ्या मते त्या प्रश्नाची पाळी बरीच नंतर यायला हवी. या इंजिनाला ना रेडिएटर, ना पाणी. एक पंखा, त्याची हवा वळवणारे पत्रे आणि जेमतेम अडीच लिटर ऑइल एवढ्याच भांडवलावर ते थंड राहते. म्हणून इंजिनाने किती ताकद निर्माण करावी यापेक्षा, त्या ताकदीबरोबर येणारी उष्णता मे महिन्यात पसरणी घाट चढताना आपली गाडी बाहेर टाकू शकेल का, हे आधी पाहिले पाहिजे. पुढील सारा मजकूर याच हिशेबाने लिहिला आहे.

आजचे इंजिन खरोखर दुबळे आहे की नुसते थकलेले आहे, हे सर्वप्रथम तपासावे. माझ्या 1965 च्या गाडीत मूळ 1192 सीसीचे, 34 अश्वशक्तीचे इंजिन होते. ‘गाडी घाटात मरते’ अशी तक्रार मी दोन वर्षे करत होतो आणि निम्मा दोष निघाला तो टॅपेटच्या (व्हॉल्व्हच्या फटीच्या) चुकलेल्या सेटिंगमध्ये व प्लगना ठिणगी वाटणाऱ्या, झिजलेल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये. तपासणीसाठी फार साहित्य लागत नाही. इंजिन बंद असताना मागची क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलावी. ‘टक्’ असा आवाज हाताला जाणवला तर क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, पुढे-मागे होणारी हालचाल वाढलेली आहे. डायल गेजवर ती 0.15 मिमीच्या पुढे दिसली तर त्या केसवर (इंजिनाच्या मुख्य कवचावर) नवे पिस्टन-बॅरल (बॅरल म्हणजे सिलिंडरचे सुटे नळकांडे) चढवणे म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौले घालणे होय. त्यानंतर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि एखादा सिलिंडर इतरांपेक्षा 20 पीएसआयहून (हे दाबाचे एकक) अधिक मागे पडत असेल तर कारण शोधावे. ऑइल पूर्ण तापल्यावर दर 1000 आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) साधारण 10 पीएसआय दाब मिळत असेल तर बेअरिंगांची प्रकृती ठीक समजायला हरकत नाही.

आता आकाराकडे वळू. फोक्सवॅगनने हेच इंजिन वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. 77 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) व 64 मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतराचे) 1192 सीसी, 69 मिमीचा क्रँक घालून 1285, 83 मिमी बोअरने 1493 आणि 85.5 मिमीने 1584 सीसी, ज्याला सगळे ‘सोळाशे’ म्हणतात. 1971 च्या मॉडेलपासून प्रत्येक हेडला (सिलिंडरांच्या झाकणाला) मिश्रण आत घेणारे दोन इनटेक पोर्ट आले आणि सोळाशेची ताकद 50 अश्वशक्तीवर गेली. ज्याची गाडी 1200 आहे त्याने हे पूर्ण इंजिन नव्याने बांधून बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 34 वरून 50 म्हणजे जवळजवळ दीडपट ताकद, तीही कारखान्याने लाखो गाड्यांवर पारखलेली. जुन्याच 1200 च्या केसवर 83 मिमीचे बॅरल चढवून 1385 सीसी करता येतात. मात्र तेवढ्याच श्रमात पूर्ण सोळाशे मिळत असेल तर त्या मार्गाला जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

सोळाशेच्या पुढे जायचे असेल तर नीट विचार करावा. 87 मिमीचे बॅरल कोणतेही मशिनिंग न करता बसतात आणि 1641 सीसी होतात. फरक मात्र जाणवेल न जाणवेल इतकाच. 88 मिमीचे ‘सरळ बसणारे’ बॅरल कृपया घेऊ नयेत. बाहेरचा व्यास मूळचाच ठेवून आतून बोअर वाढवल्यामुळे त्यांची भिंत इतकी पातळ उरते की उष्णतेने ती गोल राहत नाही. एका गॅरेजच्या आग्रहाखातर मी मित्राच्या गाडीत हे बॅरल बसवू दिले होते. दीड वर्षात एक्झॉस्टमधून निळा धूर सुरू झाला आणि बॅरल उतरवून मोजले तेव्हा चारपैकी तीन अंडाकृती झालेले होते. खरी वाढ हवी असेल तर 90.5 मिमीचे जाड भिंतीचे बॅरल घ्यावेत. त्यांच्यासाठी केस व हेड दोन्ही मशीनवर मोठे करावे लागतात, पण मूळच्या 69 मिमी क्रँकवर 1776 सीसी मिळतात आणि इंजिन टिकते. त्यापुढची 92 व 94 मिमीची बॅरल किंवा 74, 78, 82 मिमीचे लांब स्ट्रोकचे क्रँक ही शर्यतीच्या किंवा थंड प्रदेशाच्या चालकांची हौस आहे. आपल्याकडच्या दुपारी, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीत 2 लिटरचे इंजिन ठेवणे मला तरी पटत नाही.

बोअर वाढवताना एक बाब हमखास विसरली जाते, ती कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याची. 1584 सीसीत एका सिलिंडरचे आकारमान 396 सीसी असते आणि 7.5 रेशोसाठी वर सुमारे 61 सीसी जागा उरते. तेच हेड न बदलता 90.5 मिमीला वापरले की सिलिंडर 444 सीसीचा होतो, वरची जागा मात्र जेमतेम एक सीसीने वाढते आणि रेशो आपोआप 8.2 च्या आसपास पोहोचतो. उन्हाळ्यात, चढावर, साध्या पेट्रोलवर इंजिन ‘ठोकू’ लागते ते याच कारणाने. म्हणून बांधणी करणाऱ्याकडून प्रत्येक चेंबर (हेडमधली वरची जागा) ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) मोजून घ्यावा, पिस्टन वर आल्यावर उरणारी फट लिहून घ्यावी आणि रेशो 7.5 ते 7.8 च्या दरम्यान ठेवण्यास सांगावे. ‘अंदाजे बरोबर आहे’ हे उत्तर येथे स्वीकारू नये.

थंडाव्याच्या बाबतीत मी हात आखडता घेऊ नये असे म्हणेन. जुन्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आतच, डाव्या बाजूच्या पुढच्या म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरच्या डोक्यावर उभा असतो. त्यामुळे त्या सिलिंडरला कमी आणि आधीच तापलेली हवा मिळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो तो बहुधा तेथलाच. 1971 च्या मॉडेलपासून कूलर स्वतंत्र कप्प्यात बाहेर काढला गेला आणि पंखाही रुंद झाला. कूलरचा हा कप्पा, रुंद पंखा व त्याचे सर्व पत्रे एकत्र मिळवणे हा मोठ्या बॅरलच्याही आधीचा खर्च समजावा. सिलिंडरखालचे वळणाचे पत्रे कोणी ‘उगाच वजन’ म्हणून काढून टाकले असतील तर ते परत बसवावेत, कारण हवा सिलिंडरच्या फिन्सना (बाहेरच्या पातळ पात्यांना) घासून जाते ती त्यांच्यामुळेच. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी फाटलेली असेल तर एक्झॉस्टची गरम हवा वर येऊन पुन्हा पंख्यातच शिरते. ती पट्टी स्वस्त असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. दिखाऊ, लहान व्यासाची क्रँक पुली टाळावी. तिने पंखाच हळू फिरतो. मोठ्या इंजिनाला पूर्ण प्रवाहाचा ऑइल फिल्टर जोडून घ्यावा, कारण मूळ रचनेत फक्त जाळी आहे. ऑइलचे तापमान दाखवणारे मीटरही बसवावे. 110 अंशांपर्यंत काळजी नसते. 120 च्या वर काटा गेला तर सावली पाहून थांबावे. डायनॅमोचा लाल दिवा पेटला तर मात्र त्याच क्षणी इंजिन बंद करावे, कारण पंखा फिरवणारा बेल्टही तोच असतो.

इग्निशन आणि इंधन यांची जोडी एकमेकांना शोभली पाहिजे. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (भाराप्रमाणे ठिणगी लवकर पाडण्याची सोय) नसलेला ‘009’ डिस्ट्रिब्यूटर एकेरी 34 पिक्ट कार्ब्युरेटरबरोबर लावला की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. सोळाशेसाठी व्हॅक्यूमवालाच ठेवावा. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) स्ट्रोब दिवा लावून साडेतीन हजार आरपीएमला 30 अंशांच्या पुढे जात नाही याची खात्री करावी. 1776 ला मात्र एकेरी कार्ब्युरेटर गुदमरवतो, तेथे दोन 34 आयसीटी वेबर किंवा दोन काड्रॉन लागतात आणि दोन्ही बाजूंची हवा सिंक्रोमीटरने (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) समान करून घ्यावी लागते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचा किंवा एंगल कंपनीचा डब्ल्यू-100 पुरेसा आहे. त्याहून तिखट कॅमची मजा तीन हजार आरपीएमच्या वर येते आणि आपला बहुतेक वेळ त्याखाली जातो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होते आणि इंजिन अधिक तापते. मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधले इंधनाचे छिद्र) एक-दोन नंबर मोठे घेऊन प्लगचा रंग तपासावा आणि इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात. बीटलला आग लागते ती बहुधा अशाच एखाद्या तडकलेल्या नळीमुळे.

इंजिन गाडीत बसेल का, हा प्रश्न 6 व्होल्टच्या गाड्यांत येतो. त्यांचे फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) 180 मिमीच्या क्लचचे, 109 दात्यांचे. नंतरच्या 12 व्होल्टच्या गाड्यांचे 200 मिमीचे, 130 दात्यांचे. मोठे फ्लायव्हील घालायचे तर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या आतली कड घासावी लागते आणि स्टार्टर व त्याचा बुश बदलावा लागतो. चार बोल्टांची जागा तीच असते. 1200 च्या गिअरबॉक्सचा अंतिम रेशो 4.375 असतो; त्यावर 100 किमी वेगाला इंजिन सुमारे 3,200 फेरे घेते, तर 3.875 च्या गिअरबॉक्सवर सुमारे 2,900. एक्सप्रेस-वेवर कानाला आणि ऑइलच्या काट्याला हा फरक कळतो. ब्रेकचे काम इंजिनाच्या आधी उरकावे, एवढे सांगून थांबतो.

कागदपत्रे शेवटी आठवतात म्हणून येथेच लिहितो. इंजिन क्रमांक आरसीवर असतो; इंजिन बदलल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओकडे नोंद करून घ्यावी. ज्यांना गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्ही ए’ मालिकेत नोंदवायची आहे त्यांनी तर दोनदा विचार करावा. 2021 च्या नियमदुरुस्तीनुसार वाहन 50 वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपातले असावे लागते. चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून मी मूळ 1200 चे इंजिन विकले नाही. ते ऑइल भरून, प्लगच्या भोकांतही थोडे ऑइल सोडून, मेणकापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे आणि दर तीन महिन्यांनी पुली हाताने एक फेरा फिरवतो.

नवे इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून, स्टार्टरने फिरवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत दाब आणावा. नव्या कॅमसाठी झिंकयुक्त ऑइल घालून सुरुवातीची वीस मिनिटे इंजिन दोन हजार आरपीएमवर ठेवावे, आयडलवर सोडू नये. 50 किमीनंतर ऑइल बदलावे, गार इंजिनावर टॅपेट 0.15 मिमीला लावावेत आणि 500 किमीला ही दोन्ही कामे पुन्हा करावीत. फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) टॅपेटमध्ये सरकताना किंचित ओढ जाणवली पाहिजे. एखाद्या व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी-कमी होत असेल तर तो व्हॉल्व्ह ताणला जात आहे किंवा सीटमध्ये खाली बसत आहे असे समजावे, आणि फट परत लावून गाडी पळवत राहण्याऐवजी हेड उतरवावे.