मुदत संपली की वही उघडा

शहरातली कुठली जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या विकास आराखड्यावर लोकांच्या हरकती-सूचना ऐकतात, त्या सुनावणीत माझ्या वाट्याला अडीच मिनिटं आली आणि त्यातलं निम्मं मिनिट चष्म्याची डबी उघडण्यात गेलं. साहेबांनी मान हलवली, कारकुनाने काहीतरी टिपलं, पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर आमच्या सोसायटीतले काका म्हणाले, "सुटलो एकदाचे!" मी एकतीस वर्षं पोस्टात रजिस्ट्रीच्या खिडकीवर काढली आहेत. पोच हातात पडेपर्यंत पत्र पोहोचलं असं मी धरत नाही. तेव्हा सुनावणीनंतर काय करायचं, ते माझ्या पद्धतीने सांगते.

पहिलं काम म्हणजे सगळ्या सूचना वहीत उतरवणं, ते त्याच आठवड्यात उरकायचं. सूचना गोळा करायची आमची बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली होती, सूचना भिंतीवरच्या तक्त्यांवर लिहिल्या होत्या. संध्याकाळी कुणीतरी तक्ते गुंडाळून ठेवले, ते कुठे ठेवले हे आजतागायत कळलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलीने मोबाइलवर फोटो काढले होते म्हणून वाचलो. ते फोटो मोठे करकरून मी दोन रात्री बसून सगळं लाँगबुकात उतरवलं. तिघं-चौघं विजेच्या डीपीचं उघडं दार घेऊन बैठकीला आले होते, कारण नोटिशीत विकास आराखडा, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, असं न लिहिता नुसतं ‘डीपी’ असं छापलं होतं. त्यांना हसू नका, त्यांचंही लिहून घ्या. आमच्या वहीतली सगळ्यात आधी मार्गी लागलेली नोंद तीच आहे.

वहीत रकाने सहा: काय हवं, नेमकं कुठे, कुणी सुचवलं, आवक क्रमांक व तारीख, सध्या कुणाच्या टेबलावर, पुन्हा कधी विचारायचं. ‘कुठे’ या रकान्यावर वेळ घालवा. ‘नाल्याकडेला बाग’ एवढ्यावर कुणाला काही शोधता येत नाही. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहा, आराखड्याच्या कुठल्या भाग-नकाशात ती जागा येते तेही लिहा. आवक क्रमांक नसेल तर तीच सूचना साध्या कागदावर पुन्हा द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मग वहीचे दोन भाग करा. ज्याला जमीन लागत नाही ते एकीकडे: फुटपाथचा उतार, शाळेसमोरचे पट्टे, बाक, दिवा. अशा कामांना आराखड्याची वाट बघण्याचं कारणच नाही, ती प्रभाग कार्यालयाकडून अंदाजपत्रकात घालून घ्यायची. पुण्यात २००६पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायची पद्धत आहे. तुमच्याकडे तसा अर्ज नसला तरी साधं पत्र चालतं, फक्त ते दिवाळीच्या आधी गेलं पाहिजे. आयुक्त जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात तेव्हा आकडे केव्हाच बसलेले असतात.

ज्याला जमीन लागते, ती सूचना मात्र आराखड्याच्या वाटेनेच जाते आणि ती वाट लांब आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हरकती-सूचना नियोजन समिती ऐकते आणि आपला अहवाल देते. तुमच्या सूचनेचं काय झालं ते त्या अहवालात असतं, पण घरी कळवायला कुणी येत नाही. माहिती अधिकारात मागायचं. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. मी लिहिते ते एवढंच: "माझ्या दि. अमुकच्या, आवक क्र. तमुकच्या सूचनेवर नियोजन समितीने केलेल्या शिफारशीच्या पानाची प्रत द्यावी." ‘का नाकारलं’ असं विचारू नये. त्याला ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो. तीस दिवसांत काही आलं नाही तर वीस रुपये भरून पहिलं अपील. माझं पहिलं उत्तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं होतं. अपिलात तोच अभिलेख सापडला.

अर्ज करायच्याही आधी सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात जाऊन फाइल बघायला मागा. २०१८च्या शासन परिपत्रकाने ही वेळ नागरिकांसाठी राखून ठेवली आहे. वही बरोबर न्या, आणि बिस्किटचा पुडा. तास-दीड तास सहज जातो.

आराखडा मंजूर झाल्याची बातमी आली की लोक पेढे तरी वाटतात किंवा कपाळाला हात तरी लावतात. दोन्हींची घाई नको. सरकार पुष्कळदा आराखडा तुकड्यांत मंजूर करतं. वगळलेल्या भागासाठी, मोठ्या फेरबदलांसाठी राजपत्रात आणि वर्तमानपत्रात पुन्हा सूचना निघते, पुन्हा हरकती मागवतात. त्या जाहिराती अगदी बारीक अक्षरात असतात. आमच्याकडे निवृत्त ड्राफ्ट्समन असलेले एक आजोबा रोज भिंग घेऊन हेच बघतात. त्यांना दुसरं कुठलंही काम आम्ही देत नाही.

आणि समजा, बागेचं आरक्षण पडलं, म्हणजे आराखड्यात ती जागा बागेसाठी राखून ठेवली. तरी वही मिटायची नाही. याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. गाजावाजा काही होत नाही, एक दिवस तिथे पत्रे लागलेले दिसतात. म्हणून आराखडा अमलात आल्याच्या तारखेत दहा मिळवून ते वर्ष वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहायचं. मधल्या काळात दर अंदाजपत्रकाला एकच पत्र, त्या आरक्षणाच्या क्रमांकासह: भूसंपादनासाठी तरतूद करावी. शब्द बदलायची गरज नाही, तारीख बदला.

अधिकारी बदलतात. नगरसेवकही बदलतात, २०२२नंतर तर कित्येक महापालिकांत ते नव्हतेच, प्रशासक होते. नवा साहेब आला की पहिल्या पंधरवड्यात दोघांनी जाऊन एका पानाचा गोषवारा द्यावा. दोघांनीच. वीसजण गेले की साहेबांना तो मोर्चा वाटतो.

आमच्या लाल शाईच्या वर्षी मी एक्याऐंशीची असेन. म्हणून वहीची झेरॉक्स वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीकडे दिली आहे आणि परवाच्या सोमवारी तिला बरोबर नेणार आहे. फाइल कुठल्या कपाटात असते ते तिने बघून ठेवलेलं बरं.