ष्ठीवन, थुंकी, बेडका, पिंक : या चुका टाळा

थुंकण्याला भारदस्त शब्द काय असं कुणी विचारलं की हुशार मंडळी लगेच ‘ष्ठीवन’ सांगतात, आणि शब्द बरोबरच आहे, संस्कृतातला ष्ठिव् धातू, त्यावरून ष्ठीवन आणि निष्ठीवन. गडबड पुढे होते.

आधी लिहिण्यातली. ष्टीवन, ष्ठिवन, स्थीवन, काहीही लिहितात. ‘निष्ठा’तला ष्ठ घ्यायचा, त्याला दीर्घ वेलांटी द्यायची, झालं. निष्ठीवन टाईप करताना घाईत निष्ठावान होणार नाही एवढं बघा (निष्ठावानही थुंकी झेलतातच म्हणा, पण तो विषय वेगळा).

दुसरं म्हणजे हा शब्द कुठेही खपवायचा नाही. जिन्यात ‘येथे ष्ठीवन करू नये’ अशी पाटी लावली तर तोंडात पान असलेला माणूस ती वाचेल, कोड्यात पडेल आणि तिथेच थुंकेल. पाटीवर ‘येथे थुंकू नये’ पुरे. तेही ‘थूकू नये’ नको, ती हिंदीची लागण आहे, मराठीत थु ऱ्हस्व आणि वर अनुस्वार. आणि दंडाच्या बोर्डावर ‘थुंकणार्यास’ असतं तिथे ‘थुंकणाऱ्यास’ करा. बोलतानाही हल्ली ‘त्याने थुंकला’ ऐकू येतं, अरे, तो थुंकला, ती थुंकली, मी थुंकलो, जसं खोकलो आणि शिंकलो तसंच. ‘त्याने’ हवंच असेल तर त्याने पिंक टाकली म्हणा, म्हणजे पान-तंबाखूची हेही कळतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र थुंकी, लाळ आणि बेडका एकच समजण्याची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की टीबीसाठी ‘थुंकी तपासणी’ सांगतात, पेशंट डबी घेतो, तोंडात जमलेली पाणचट फेसाळ लाळ तिच्यात सोडतो आणि मोकळा होतो, आणि मग जंतू असूनही रिपोर्टमध्ये न दिसण्याची शक्यता वाढते. तिथे हवा असतो बेडका, छातीतून येणारा घट्ट कफ. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-चार खोल श्वास घ्यायचे, जोरात खोकून जे वर येईल ते डबीत. नुसतं घसा खाकरून भागत नाही. म्हणून घरच्यांना समजावताना ‘थुंकी दे’ न म्हणता ‘खोकून बेडका काढ’ म्हणा, आजी-आजोबांना तर हाच शब्द पटकन कळतो.

आयुर्वेदाच्या पुस्तकांत ‘रक्तष्ठीवन’ भेटेल, म्हणजे थुंकीवाटे रक्त पडणं, त्याला रक्ताची उलटी समजू नका, उलटी म्हणजे वमन. खोकून पडलेलं रक्त बहुतेकदा लालभडक आणि फेसाळ असतं, उलटीतलं पुष्कळदा काळपट, डॉक्टर हे विचारतातच, तेव्हा ‘तोंडातून रक्त आलं’ एवढ्यावर थांबू नका, खोकताना आलं की ओकताना ते सांगा. खोकल्याच्या औषधावर ‘कफोत्सारक’ दिसलं तर ते कफ सुटायला मदत करणारं, खोकला दाबणारं नव्हे.

राहिले वाक्प्रचार, तिथे भारदस्तपणा अजिबात चालत नाही. साहेबाची थुंकीच झेलतात, ष्ठीवन नाही. लाळघोटेपणा हा त्याचा सख्खा भाऊ. शब्द फिरवणारा थुंकलेलं चाटतो, आणि ज्याला विषयातलं काही कळत नाही तो येताजाता पिंका टाकतो.