काठ ढासळतोय? आधी नदीच्या खालच्या अंगाला चालत जा

नदी पुनरुज्जीवनाच्या कामात येऊ पाहणाऱ्या पोरापोरींना मी हल्ली पहिलाच प्रश्न विचारते, पात्रात उतरून सलग किती चाललात? बहुतेक जण फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून दाखवतात. मीही तेच केलं असतं, म्हणून हसत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकून इकडे आले. काँक्रीटची भिंत का नको, मुळांनी माती कशी धरली जाते, पूर पसरायला जागा का लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मलाही ठाऊक होतं. तरी माझं पहिलं काम दुसऱ्या पावसाळ्यात गेलं.

एका वळणावर काठ ढासळत होता. आम्ही उतार मवाळ केला, काथ्याची जाळी अंथरली, वाळुंजाच्या ओल्या फांद्या हातभर अंतरावर रोवल्या. पहिल्या वर्षी इतकी पालवी फुटली की अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पूर ओसरल्यावर जाऊन पाहिलं तर जाळी फाटलेली नव्हती, झाडं उपटलेली नव्हती. अख्खा काठच जाळीसकट, झाडांसकट, केकचा तुकडा पडावा तसा पात्रात आडवा झाला होता. फांद्यांना तेव्हाही हिरवी पानं होती.

मी रोपांना दोष दिला. मग मातीला. मग पुराला.

खरं कारण तिथून दीड किलोमीटर खाली होतं. तिथं पूर्वी वाळू उपसली होती. त्यामुळे पात्राच्या तळाला कमरेएवढी पायरी पडली होती आणि दर पुरात ती पायरी थोडी थोडी नदीच्या वरच्या अंगाला सरकत आमच्या वळणाखालून गेली होती. हिला हेडकट म्हणतात. हे जरा तपशिलात सांगते, कारण माझी दोन वर्षं यातच गेली.

पाणी आणि उतार एका पारड्यात, गाळ आणि त्याच्या कणांचा आकार दुसऱ्या पारड्यात, असा नदीचा तोल लेन या अमेरिकी अभियंत्याने १९५५ मध्ये मांडला. वाळू काढून घेतली किंवा वळणं कापून पात्र सरळ केलं की तोल बिघडतो आणि पाणी तळ खायला लागतं. पायरीवरून पडणारं पाणी पायरीच्या पायथ्याला कोरतं, कड तुटते, पायरी दोन पावलं वर जाते. ती तुमच्या वळणाखालून गेली की दोन माणसं उंचीचा काठ अडीच माणसं उंच होतो. तेवढी उंची मातीला पेलत नाही. शिवाय भूजल खाली जातं, तुमच्या रोपांची मुळं कोरडी राहतात. वरून कितीही झाडं लावा, ढासळणं खालून चाललेलं असतं.

ओळखायचं कसं? वळणावर फक्त बाहेरचा काठ ढासळत असेल तर घाबरू नका, नद्या तसंच वागतात. दोन्ही काठ एकदम ढासळत असतील, पुलाच्या खांबाचा पाया उघडा पडला असेल, जुन्या झाडाची मुळं हवेत लोंबत असतील, पूर येऊनही पाणी काठाबाहेर पडत नसेल, तर रोपवाटिकेची ऑर्डर थांबवा आणि पात्रातून खालच्या दिशेला चालायला लागा. पायरी सापडेपर्यंत. खाली नाही सापडली तर वरच्या अंगाला बघा, ती तुमच्या वळणाखालून आधीच वर गेलेली असू शकते. पाणी असेल तिथं काठी टोचत जा, एका जागी ती अचानक खोल जाते.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मला हे आधीच सांगितलं गेलं होतं. पहिल्या बैठकीत जाळं टाकणारे एक काका म्हणाले होते, "काठाचं सोडा, नदीच खाली बसलीय. जो खडक वाळूत गाडलेला असायचा, त्यावर आता मी बसतो." मी ते लिहून घेतलं. इतिवृत्तात, "इतर मुद्दे" खाली. लोकसहभाग म्हणजे माझ्या आराखड्याला संमती, असं तेव्हा डोक्यात होतं. आता पहिली बैठक मी छपराखाली घेतच नाही. ज्यांना नदी ठाऊक आहे त्यांच्यामागून पात्रातून चालते, तोंड बंद ठेवून. (हे जमायला फार वेळ लागला.)

फसणारे आपण एकटेच नाही. कॅलिफोर्नियात उव्हास क्रीकवर नोव्हेंबर १९९५ मध्ये सुबक वळणांचं नवं पात्र खोदलं आणि फेब्रुवारी १९९६ च्या पुरात ते गेलं. नदी कोणत्या प्रकारची आहे ते तक्त्यात बघून आकार ठरवला होता. तक्ते वाईट नाहीत, पण तक्त्यावरून आराखडा काढायला शिकवणाऱ्या तीन दिवसांच्या कार्यशाळांवर माझा राग आहे. गुरू निवडताना त्याला एकच विचारा, तुमचं फसलेलं काम बघायला न्याल का? विषय बदलला तर दुसरा शोधा.

आणि घाई नको. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ मध्ये सरळ कालवा करून टाकली, सुमारे १६६ किलोमीटरची ९० झाली. त्यातला काही भाग बुजवून जुन्या वळणांत पाणी परत आणण्याचं बांधकाम १९९९ ला सुरू झालं आणि २०२१ मध्ये संपलं. तुमच्या निधीची मुदत तीन वर्षं असेल तर सगळी नदी नका घेऊ. एक पायरी घ्या.

सहकार्याचे गोडवे ऐकाल तेव्हा नेदरलँड्समधला ओव्हरडिपसे पोल्डर (पोल्डर म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आठवा. पुराला जागा देण्यासाठी टेकाडं उभारून त्यावर घरं-गोठे बांधायचा तोडगा तिथल्या शेतकऱ्यांनीच मांडला. तरी टेकाडांवर सगळे मावले नाहीत, काही कुटुंबांना पोल्डर सोडावा लागला. कोणाला काय सोडावं लागणार आहे, हे पहिल्या महिन्यातच मोकळेपणाने बोला. नंतर ते भांडण होऊनच बाहेर येतं.

आम्ही वळण तसंच सोडलं आणि पायरीपाशी गेलो. पायरीखाली दगडांचा लांब, मवाळ उतार रचला, वरच्या अंगाला लाकडी खुंट्यांच्या आडव्या रांगा ठोकून त्यात फांद्या विणल्या, बीव्हर प्राणी बांधतात त्या बांधांच्या धर्तीवर. गाळ अडून तळ पुन्हा वर यावा म्हणून. झाडं त्यानंतरच्या वर्षी. काम सुरू करण्याआधी पात्राचे आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंत तळ कुठे किती खोल ते) मोजून ठेवले, कारण पहिल्या वेळी मोजलेच नव्हते आणि नेमकं किती गेलं हे आजही मला सांगता येत नाही.

परवा काकांनी फोटो पाठवला. पहिल्या रांगेमागे चार बोटं गाळ साठलाय. तिसऱ्या रांगेतल्या दोन खुंट्या मात्र कलल्यात आणि पाणी त्यांच्या बाजूने वाट काढतंय. उद्या सकाळी आम्ही बघायला जातोय.