कोकणात किंवा पुण्याला रेल्वेने निघताय? तिकीट काढताना या चुका टाळा

तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शनिवारी रात्री जेवणं आटोपून निघायचं म्हणून लोक शनिवारचं तिकीट काढतात. दादरला पोचल्यावर कळतं की आपली गाडी आदल्याच रात्री, शनिवार लागून पाच मिनिटं होताच, निघून गेली. तिकीट कन्फर्म होतं, पण बर्थ केव्हाच दुसऱ्याला गेला, आणि अशा तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. शनिवारी रात्री घरून निघून तुतारी पकडायची असेल, तर तिकिटावर रविवारची तारीख हवी.

कोकणकन्येत हीच चूक जरा आडून येते. ही गाडी सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास निघते आणि पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर पोचते. म्हणजे एकाच रात्रीची एकच गाडी सीएसएमटीहून चढणाऱ्याला १५ तारखेची आणि पनवेलहून चढणाऱ्याला १६ तारखेची. कुटुंबातले चौघे दादरहून आणि दोघे पनवेलहून येणार असतील, तर दोन तिकिटांवर दोन वेगळ्या तारखा असणंच बरोबर आहे. त्या सारख्या दिसल्या, तर एक तिकीट चुकलं आहे असं समजा.

याला जोडूनच आरक्षण कधी उघडतं याचा हिशेब येतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं, आणि प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. हे ६० दिवस गाडी जिथून सुटते त्या स्टेशनच्या तारखेवरून मोजतात, तुमच्या स्टेशनच्या नाही. त्यामुळे पनवेलहून १६ तारखेची कोकणकन्या हवी असेल, तर मोजणी १५ पासून करायची. तत्काळचंही तसंच. या गाडीचं तत्काळ १४ तारखेला उघडेल, एसीसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला. जे १५ ला सकाळी मोबाइल घेऊन बसतात, त्यांना वेटिंगच दिसतं. गणपतीच्या तिकिटांत हा एक दिवस फार महागात पडतो.

तत्काळ ऑनलाइन काढायचं तर १ जुलै २०२५ पासून खातं आधार-पडताळणी झालेलं लागतं आणि १५ जुलै २०२५ पासून आधारचा ओटीपीही. सामान्य आरक्षण उघडतं त्या सकाळीसुद्धा पहिली संधी पडताळणी झालेल्या खात्यांनाच मिळते. पडताळणी आठवडाभर आधी करून ठेवा आणि आधारला जोडलेला नंबर कोणाच्या फोनमध्ये आहे ते बघा. ओटीपी गावी असलेल्या वडिलांच्या फोनवर जातो आणि ते शेतावर असतात, असं होतं. प्रवाशांची नावं आणि वयं खात्यातल्या यादीत आधीच भरून ठेवली, तर ऐन वेळी टाइप करण्यात मिनिट जात नाही.

जनरलचं तिकीट गाडीचा नंबर बघून काढा

आरक्षित तिकिटात सुपरफास्टचा अधिभार आपोआप येतो. जनरलच्या तिकिटात मात्र गाडीचा प्रकार तुम्हालाच निवडावा लागतो आणि चूक तिथेच होते. मुंबई-पुणे मार्गावर सिंहगड ११००९ आणि डेक्कन एक्स्प्रेस ११००७ या मेल/एक्स्प्रेस आहेत. इंद्रायणी २२१०५, प्रगती १२१२५ आणि डेक्कन क्वीन १२१२३ या सुपरफास्ट. कोकणात मांडवी १०१०३ एक्स्प्रेस, पण पूर्वी १०१११ असलेली कोकणकन्या आता २०१११ झाली आहे, म्हणजे सुपरफास्ट. ढोबळ खूण अशी की पाच आकडी नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल, तर सुपरफास्टचं तिकीट काढा. दुसऱ्या वर्गासाठी हा फरक फक्त १५ रुपयांचा आहे. तो चुकला की टीसी फरकासोबत दंडही घेतो.

जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत या पूर्ण आरक्षित गाड्या आहेत. त्यांत जनरलचं कोणतंही तिकीट चालत नाही. वंदे भारतचं आणखी एक लक्षात ठेवा: मुंबई-मडगाव गाडी एरवी आठवड्यातून सहा दिवस आणि कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात तीनच दिवस धावते. जून ते ऑक्टोबरमधल्या प्रवासासाठी जुन्या तिकिटावरची वेळ धरून चालू नका.

वर्ग निवडताना पैसे कुठे वाया जातात

भाडं नेहमी खऱ्या अंतराचंच लागतं असं नाही. प्रत्येक वर्गाला एक किमान अंतर आहे: स्लीपरला २०० किलोमीटर, एसी चेअर कारला १५०, थ्री टायर आणि टू टायर एसीला ३००. सीएसएमटी ते पुणे १९२ किलोमीटर आहे. म्हणजे एखाद्या लांब पल्ल्याच्या गाडीत थ्री टायर एसीने पुण्याला गेलात, तर ३०० किलोमीटरचे पैसे भरता. कल्याणहून चढलात तरी तेवढेच, आणि लोणावळ्याला उतरलात तरी तेवढेच. तीन-साडेतीन तासांच्या दिवसाच्या प्रवासाला आडवं व्हायची गरजही नसते. अशा वेळी दिवसाच्या गाडीतली सेकंड सिटिंग किंवा चेअर कार शोधा. स्लीपरचं आरक्षण दिवसा करण्यात दुसरा तोटा असा की डब्यात उभ्याने जाणारे चढतात आणि तुमचा खालचा बर्थ चारजणांची बैठक होतो.

याच किमान अंतराचा फायदाही घेता येतो. कल्याणहून थ्री टायरमध्ये वेटिंग दिसत असेल, तर तेच तिकीट सीएसएमटीपासून शोधून बघा. अंतर ३०० च्या आत असेपर्यंत भाडं वाढत नाही आणि सुरुवातीच्या स्टेशनचा कोटा सहसा मोठा असतो. मात्र बुकिंग करतानाच बोर्डिंग स्टेशन कल्याण टाका. ते राहिलंच, तर चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, तयार होण्याआधी बदलून घ्या. न बदलता पुढच्या स्टेशनवर चढायला गेलात, तर टीसीने तुम्हाला गैरहजर धरून जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते.

व्हिस्टाडोमचं, म्हणजे काचेच्या छताच्या डब्याचं, तिकीट घ्यायचं ते कर्जत-लोणावळा घाटासाठी. डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी ५.१० ला सुटते, त्यामुळे हिवाळ्यात घाटात पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि काचेच्या छतातून काहीच दिसत नाही. मुंबईहून जाताना सकाळी ७ ची डेक्कन एक्स्प्रेस घ्या. पुण्याहून येताना डेक्कन क्वीन किंवा प्रगती, दोन्ही सकाळच्याच आहेत.

मुलांसाठी: ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्लीपर किंवा थ्री टायरमध्ये बर्थ न घेता निम्म्या भाड्यात नेता येतं. चेअर कार आणि सेकंड सिटिंगमध्ये ही सोय नाही, पूर्ण भाडं पडतं.

आई-वडिलांना खालचा बर्थ हवा असेल, तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. लोअर बर्थचा कोटा ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी आहे, तोही तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. सगळ्या सहाजणांना एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच तिकिटावर, टाकलं की हा हक्क जातो आणि सत्तरीच्या आजींना मधला बर्थ येतो. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती मिळेल असं धरून हिशेब करू नका.

वेटिंगचा आकडा नीट वाचा

‘वेटिंग ४० / वेटिंग १२’ यातला दुसरा आकडा आजचा. आकड्याइतकाच त्याच्यापुढचा प्रकारही महत्त्वाचा आहे. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सामान्य वेटिंग, सगळ्यात लवकर सरकतं. मधल्या स्टेशनांचं आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल हळू सरकतात, कारण त्यामागचा कोटाच लहान असतो. तत्काळच्या वेटिंगला आरएसी (एका बर्थवर दोघांना बसायची जागा) मिळत नाही. तिथे एकतर बर्थ, नाहीतर काहीच नाही. आरएसी असेल तर निर्धास्त चढा, बाजूच्या खालच्या बर्थवर निदान बसायला जागा नक्की मिळते.

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. ते घेऊन डब्यात चढणारा विनातिकीट ठरतो. चार्ट आता पूर्वीसारखा चार तास आधी होत नाही, आठ तास किंवा त्याहूनही आधी होतो. सकाळच्या गाडीचा तर आदल्या रात्रीच. एसटीचा पर्याय ठेवायचा असेल, तर ठरवायची वेळही तीच.

मोबाइलवरचं जनरल आणि लोकलचं तिकीट

पेपरलेस तिकीट प्लॅटफॉर्मवर उभं राहून निघत नाही. फोनचं लोकेशन तपासलं जातं आणि रुळांच्या अगदी जवळ असलात तर अ‍ॅप नकार देतं. स्टेशनात शिरण्याआधी, रिक्षातच काढा. आत आल्यावर आठवलं तर तिकीट देणारं एटीव्हीएम यंत्र गाठा. लोकलचं तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, तर १९९ किलोमीटरपर्यंतच्या इतर गाड्यांचं तिकीट साधारण तीन तास चालतं. दुपारच्या गाडीचं तिकीट सकाळी उठल्याउठल्या काढू नका. टीसीला तिकीट अ‍ॅप उघडूनच दाखवायचं असतं, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपली तर तुमच्याकडे तिकीट नाही असंच धरतात, आणि किमान २५० रुपये दंड अधिक भाडं भरावं लागतं.

एसी लोकलचा पास फर्स्ट क्लासमध्ये चालतो, पण फर्स्ट क्लासचा पास एसी लोकलमध्ये चालत नाही.

पैसे गेले आणि तिकीट आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी अ‍ॅपमधली बुक झालेल्या तिकिटांची यादी बघा. पुष्कळदा तिकीट तिथे आलेलं असतं, फक्त एसएमएस मागे राहिलेला असतो. यादीत नसेल तर पैसे काही दिवसांत आपोआप खात्यात परत येतात. तोवर गाडी चुकवू नका, खिडकीवरून तिकीट काढा.