विज्ञानाचे दिनविशेष लिहिताय? मग या चुका टाळा

दर ऑगस्टला माझ्याकडे दोन फॉरवर्ड हमखास येतात. एक, २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार. दुसरा, १८ ऑगस्ट १८६८ ला विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लागला.

पहिल्याचं पटकन सांगते. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरंच पृथ्वीच्या खूप जवळ आला होता, साधारण ५ कोटी ५८ लाख किमी, आणि तेव्हाच्या मेसेजमध्ये होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे दुर्बीण गळाली, साल गळालं, तारीख तेवढी राहिली. ज्या मेसेजमध्ये साल नाही तो पुढे पाठवूच नका.

विजयदुर्गाचं मात्र मला मनापासून लागतं, कारण माझं आजोळ त्याच बाजूचं, किल्ल्यावरचे ते 'साहेबाचे ओटे' (ग्रहण पाहायला आलेल्या साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे) लहानपणी आजोबांनी बोट धरून दाखवले होते, आणि मीसुद्धा परळच्या आमच्या शाळेच्या फळ्यावर दोन वर्षं रंगीत खडूने हीच गोष्ट लिहिली. नंतर नीट वाचलं. १८६८ च्या त्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन भारतात होते, पण गुंटूरला. आणि ज्यांच्या नावाने ही गोष्ट सांगतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाश फोडून मिळणारा रंगांचा पट्टा) पाहिला, आणि त्या कामातून सोडियमच्या दोन रेषांच्या शेजारची एक पिवळी रेषा हाती लागली जी माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. हेलियम हे नाव त्यानंतरचं. मग लॉकियर विजयदुर्गला आले कधी? २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं, फक्त तीस वर्षांची गल्लत, आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच शोधूनही काढला होता. माझं मत विचाराल तर विजयदुर्गावर २२ जानेवारी साजरी करावी, तो मान किल्ल्याचा हक्काचा आहे.

दुसरी मोठी गडबड कॅलेंडरची. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, न्यूटन नाताळला जन्मला की ४ जानेवारीला?" दोन्ही बरोबर. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर, त्यात २५ डिसेंबर १६४२, आणि आजच्या ग्रेगोरियनमध्ये तोच दिवस ४ जानेवारी १६४३. पण मग 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे सगळीकडे छापलेलं वाक्य टिकत नाही. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, ही तारीख इटलीतल्या नव्या कॅलेंडरची. जुन्याने मोजलं तर २९ डिसेंबर १६४१. कुठलंही एकच कॅलेंडर धरा, साल जुळत नाही, ते जुळतं फक्त एकाची तारीख इकडून आणि दुसऱ्याची तिकडून उचलली की.

घड्याळाचंही तसंच. चंद्रावर उतरल्याची तारीख आपण २० जुलै १९६९ लिहितो, पण आपल्याकडे तेव्हा २१ तारखेची पहाट होती, १ वाजून ४७ मिनिटं. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते आपल्या सकाळी ८:२६ ला, सोमवारी, म्हणजे मुंबईकर ऑफिसला निघायच्या वेळेला. फळ्यावर मी दोन्ही तारखा लिहिते.

मोजणीत तर भले भले चुकतात. ७५वं वर्ष लागणं वेगळं, ७५ वर्षं पूर्ण होणं वेगळं. टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ ची (सुरुवात बंगळुरूला, मुंबईत आली त्याच वर्षी), तिची ७५ वर्षं भरली १ जून २०२० ला, ७५वं वर्ष लागलं २०१९ लाच, त्यामुळे अमृतमहोत्सव लिहिताना कुठलं ते स्पष्ट करा. इसवी सनापूर्वीचं असेल तर एक वजा करायचं विसरू नका, कारण शून्य साल नाही: ग्रीक तत्त्वज्ञ थेलीसच्या नावाशी जोडलेलं ग्रहण २८ मे इ.स.पू. ५८५ चं, त्याला २६०० वर्षं झाली २०१६ ला, २०१५ ला नाही. शकाचं साल असेल तर ७८ मिळवा, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४.

आणि हो, २८ फेब्रुवारी हा रामन यांचा वाढदिवस नाही! वाढदिवस ७ नोव्हेंबर. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाचा दिवस.

काही गोष्टींना तारीखच नसते, तिथे ती चिकटवू नका. न्यूटनचं सफरचंद कुठल्या दिवशी पडलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. इंग्रज गणितज्ञ हार्डी आजारी रामानुजनला भेटायला १७२९ नंबरच्या टॅक्सीने गेले त्याचंही तेच, ठिकाण लंडनमधलं पटनी हे माहीत आहे पण दिवस नाही. म्हणून ती गोष्ट मी २२ डिसेंबरला, रामानुजनच्या जन्मदिवशी लिहिते. खाली १ आणि १२, ९ आणि १० एवढेच आकडे देते आणि 'घन करून बेरीज करा' म्हणते (दोन्ही जोड्यांचं उत्तर १७२९ च येतं), मग मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून पोरं फळ्याखालीच गुणाकार करत बसतात.