मदरबोर्डची कामगिरी घरच्या घरी कशी मोजावी

एकच प्रोसेसर, तीच रॅम आणि तोच एसएसडी दोन वेगवेगळ्या मदरबोर्डांवर आळीपाळीने बसवून पाहिला, तर पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही संगणक जवळजवळ सारखेच चालतात. फरक दिसू लागतो तो काम लांबल्यावर, खोली तापल्यावर आणि सगळे स्लॉट, म्हणजे सुटे भाग बसवण्याच्या खाचा, भरल्यावर. म्हणून मदरबोर्डची चाचणी घेताना एका क्षणाचा सर्वोच्च आकडा शोधण्यापेक्षा तो आकडा किती वेळ टिकतो हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वी परिस्थिती निराळी होती. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर तेव्हा मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे भागांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपमध्ये, असे आणि त्यामुळे चिपसेट बदलला की रॅमचा वेगही बदले. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ आणि इंटेलने २००८ मध्ये पहिला कोअर आय७ आणताना हा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला. आता मदरबोर्डच्या हाती मुख्यतः चार गोष्टी उरतात: प्रोसेसरला स्थिर वीज पुरवणे, रॅमपर्यंतची जोडणी स्वच्छ ठेवणे, स्लॉटांना पुरेशा मार्गिका (माहिती वाहून नेणारे मार्ग) देणे आणि बायोसमधून, म्हणजे बोर्डावरच्या मूळ नियंत्रक प्रोग्राममधून, या सगळ्यांच्या मर्यादा ठरवणे. या चारही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. त्यांची बेरीज करून एकच गुण काढण्यात अर्थ नाही.

सोलापुरात ही चाचणी गांभीर्याने घेण्याला आणखी एक कारण आहे. टॉवेल आणि चादरींची जकार्ड (विणतानाच उमटणारी) नक्षी येथे संगणकावर तयार होते आणि ते संगणक पुष्कळदा यंत्रमागांच्या शेजारच्याच खोलीत, कापसाच्या उडत्या तंतूंमध्ये आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या उष्म्यात दिवसभर चालतात. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात असा एक संगणक मी पाहिला. तो सकाळी उत्तम चाले आणि दुपारी रखडे. सर्वांचा संशय रॅमवर होता; प्रत्यक्षात प्रोसेसरशेजारच्या वीजपुरवठा विभागाच्या हीटसिंकवर तंतूंचा जाड थर बसला होता. दोन मिनिटांच्या चाचणीत हा दोष कधीच सापडला नसता.

पूर्वतयारी

कॅबिनेट उघडून ब्रशने आणि हवेच्या झोताने स्वच्छता करावी. झोत मारताना पंखे बोटाने धरून ठेवावेत. खोलीचे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला ठेवावा आणि प्रत्येक आकड्याशेजारी ते तापमान लिहावे. ही नोंद नसेल, तर जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत घेतलेला आकडा आणि मे महिन्यातला आकडा यांची तुलना करता येत नाही. विंडोजमधील अपडेट पूर्ण होऊ द्यावेत, पार्श्वभूमीवरचे प्रोग्राम बंद करावेत आणि पॉवर प्लॅन सर्व चाचण्यांत एकच ठेवावा. संगणक यूपीएसवर असेल, तर पूर्ण भाराला तो पुरेल याची खात्री आधीच करून घ्यावी, कारण घरगुती वापरासाठी घेतलेले लहान यूपीएस अशा भाराखाली बंद पडू शकतात.

त्यानंतर बायोसकडे वळावे. आवृत्तीचा क्रमांक लिहून घ्यावा, सर्व पर्याय मूळ स्थितीत आणावेत आणि मग रॅमसाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार मांडणी) हा एकच पर्याय चालू करावा. येथे एक सूक्ष्म फसगत होते. उदाहरणार्थ, कोअर आय५ १२४०० या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आणि अल्पकाळासाठीची मर्यादा ११७ वॅट आहे. परंतु काही मदरबोर्ड आपल्या मूळ स्थितीतच ही मर्यादा सैल सोडतात. अशा बोर्डाला जास्त गुण मिळाले, तरी तो बोर्ड अधिक चांगला आहे असे सिद्ध होत नाही. त्याने प्रोसेसरला जास्त वीज घेऊ दिली, एवढेच सिद्ध होते. तुलना करायची असेल, तर दोन्हीकडे मर्यादा हाताने सारख्या कराव्यात. बायोसची आवृत्तीही महत्त्वाची असते: इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अस्थिरतेवर उपाय म्हणून २०२४ मध्ये नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) बायोसमार्फत दिले गेले, त्यामुळे त्या प्रोसेसरांवरील जुन्या आणि नव्या बायोसचे आकडे एकत्र मांडू नयेत.

दीर्घ भाराची चाचणी

माझ्या दृष्टीने हीच मुख्य चाचणी आहे. सिनेबेंच आर२३ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणी प्रोग्राम असून ते मूळ स्थितीत किमान १० मिनिटे चालते. मात्र वीजपुरवठा विभागाचे तापमान स्थिर व्हायला याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून ही वेळ ३० मिनिटांपर्यंत वाढवावी. सोबत एचडब्ल्यूइन्फो हा संवेदकांचे आकडे दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून चार गोष्टींची सतत नोंद फाइलमध्ये घ्यावी: प्रोसेसरचा क्लॉक स्पीड (कामाचा वेग), त्याने घेतलेले वॅट, त्याचे तापमान आणि व्हीआरएमचे, म्हणजे वीजपुरवठा विभागाचे, तापमान. सर्वच मदरबोर्डांवर व्हीआरएमसाठी संवेदक नसतो. तो नसल्यास संगणक बंद असताना त्या हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा लहान तुकडा चिकटवावा आणि चाचणी चालू असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने टेपवरचे तापमान घ्यावे. चकचकीत धातूवर थेट नेम धरल्यास थर्मामीटर खरे तापमान कमी दाखवतो.

नोंदी वाचण्याची रीत अशी आहे. साधारण अर्ध्या किंवा एका मिनिटानंतर वॅट एकदम उतरून ६५ सारख्या ठरावीक आकड्यावर स्थिरावले, तर ती बायोसमध्ये ठरवलेली मर्यादा आहे. त्यात दोष नाही. प्रोसेसरचे तापमान कमाल मर्यादेला, इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत १०० अंशांना, भिडून क्लॉक स्पीड घसरला, तर कूलर किंवा थर्मल पेस्टकडे पाहावे. परंतु प्रोसेसर ७० अंशांच्या आसपास निवांत असताना आणि वॅट मर्यादेच्या खाली असतानाही १५ किंवा २० मिनिटांनी क्लॉक स्पीड पायऱ्यापायऱ्यांनी कोसळू लागला, तर बहुधा व्हीआरएम तापल्यामुळे मदरबोर्डच प्रोसेसरला आवर घालत आहे. हा तिसरा प्रकार ओळखता येणे म्हणजे मदरबोर्ड तपासता येणे, असे मी मानतो.

तापमानाची तुलना करताना खोलीचे तापमान वजा करावे. समजा, जानेवारीत खोली २६ अंशांवर असताना व्हीआरएम ७८ अंशांवर स्थिरावला. फरक ५२ अंशांचा झाला. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली, की तोच भाग त्याच भाराखाली साधारण ९२ अंशांवर जाईल. थंडीत घेतलेल्या चाचणीवरून उन्हाळ्याचा अंदाज बांधण्याचा हा साधा हिशेब आहे.

रॅम आणि स्लॉट

डीडीआर४ ३२०० रॅमचा एक चॅनेल, म्हणजे प्रोसेसरपर्यंतचा एक स्वतंत्र मार्ग, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गीगाबाइट आणि दोन चॅनेल मिळून ५१.२ गीगाबाइट माहिती वाहू शकतात. एडा६४ या तपासणी प्रोग्राममधील मेमरी चाचणीत वाचनाचा वेग या सैद्धांतिक आकड्याच्या थोडा खाली यावा. तो निम्म्यावर आला, तर दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलमध्ये बसल्या असण्याची शक्यता जास्त असते. चार स्लॉटांच्या बहुतेक मदरबोर्डांत प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. रायझन ५ ५६०० सारख्या, गाभ्यांची (कोअरची) एकच चिप असलेल्या प्रोसेसरांत लेखनाचा वेग वाचनाच्या सुमारे निम्माच दिसतो. ती प्रोसेसरची रचना आहे. त्यासाठी मदरबोर्ड दुकानात परत नेऊ नये. एक्सएमपी चालू केल्यावर रॅम स्थिर आहे की नाही हे मेमटेस्ट८६ हा रॅममधील चुका शोधणारा प्रोग्राम रात्रभर चालवून पाहावे, कारण चुका करणाऱ्या रॅमवर घेतलेल्या कोणत्याही आकड्याला किंमत नाही.

एसएसडीचा वेग मोजायला क्रिस्टलडिस्कमार्क पुरेसे आहे. एकच एसएसडी आळीपाळीने प्रत्येक एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडीच्या पट्टीसाठीच्या खाचेत) बसवून मोजावा. एएमडीच्या बी५५० चिपसेटच्या बोर्डांत चिपसेटमधून येणारा एम.२ स्लॉट तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीचा असतो. तेथे चौथ्या पिढीचा एसएसडी सेकंदाला साधारण ३,५०० मेगाबाइटवर अडतो, तर योग्य प्रोसेसर असल्यास प्रोसेसरला थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये तोच एसएसडी ७,००० च्या आसपास जाऊ शकतो. चिपसेटला जोडलेली सर्व उपकरणे प्रोसेसरकडे जाणारा एकच मार्ग वाटून घेतात, हेही तपासावे: चिपसेटवरील दोन एसएसडींची वाचनचाचणी एकाच वेळी चालवावी आणि दोघांच्या वेगांची बेरीज कोठे थांबते ते पाहावे. ग्राफिक्स कार्डाच्या मार्गिका मोजायच्या असतील, तर कार्डावर भार असतानाच मोजाव्यात; रिकाम्या वेळी वीज वाचवण्यासाठी कार्ड जोडणीचा वेग आपणहून उतरवते आणि पाहणाऱ्याला उगीच शंका येते.

उरलेल्या तपासण्या लवकर होतात. आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने दोन संगणकांमध्ये गिगाबिट लॅन मोजल्यास सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास वेग यावा. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आवाजात खंड पाडणारे विलंब दाखवणारे लेटन्सीमॉन चालवावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप विभागात बायोसने घेतलेला वेळ सेकंदांत दिसतो, तोही लिहून ठेवावा.

नोंदींचा निकाल

दीर्घ भाराची चाचणी वगळता प्रत्येक चाचणी सहा वेळा घ्यावी, पहिला आकडा सोडून द्यावा आणि उरलेले पाच चढत्या क्रमाने लावून मधला निवडावा. सरासरीपेक्षा हा मधला आकडा अधिक विश्वासार्ह असतो, कारण मध्येच सुरू झालेला एखादा अपडेट त्याला फारसा ढळवू शकत नाही. आपलेच पाच आकडे परस्परांपासून दोन टक्के विखुरलेले असतील, तर दोन मदरबोर्डांतील एका टक्क्याच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. एका वेळी एकच बदल करावा. पंखा आणि बायोस एकाच दिवशी बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

व्हीआरएम तापत असल्याचे आढळले, तर लगेच नवा मदरबोर्ड घेण्याआधी कॅबिनेटच्या मागच्या बाजूला पंखा बसवून अथवा वरून वारा देणारा कूलर लावून तीच ३० मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यावी. वरून वारा देणारा कूलर प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या भागांवरही हवा टाकतो. तंतू उडणाऱ्या खोलीत जाळीवर बारीक फिल्टर लावल्यास हवेचा प्रवाह थोडा कमी होतो, म्हणून फिल्टरसह आणि फिल्टरविना अशा दोन्ही नोंदी घ्याव्यात आणि फिल्टर धुण्याच्या तारखाही त्याच वहीत लिहाव्यात.