नागपुरात कमी फीचं कॉलेज शोधताय? या चुका टाळा

एमएचटी-सीईटीचे (राज्याच्या इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेश परीक्षेचे) पर्सेंटाइल हातात आले की सीताबर्डीपासून हिंगणा रोडपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, "फी किती?" त्याच्या जोडीला दुसरा विचारा, "प्रवेश कुठल्या कोट्यातून?" कारण फीमाफी त्यावरच ठरते. सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया म्हणजे कॅप, आणि कॉलेज स्वतः भरतं त्या जागा म्हणजे मॅनेजमेंट कोटा.

"कॅप राउंडची वाट कशाला पाहता? सीट आजच पक्की करा, स्कॉलरशिपचं नंतर पाहू," असं काउंटरवर कोणी म्हटलं की सरळ उठा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला राजर्षी शाहू शिष्यवृत्ती लागू होत नाही. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण तेही कॅपमधून प्रवेश असेल तरच.

दुसरी गफलत आकड्यांची. माफी मिळते ती शिक्षण शुल्कात, एकूण फीत नाही. समजा एकूण फी 1,20,000 आहे. त्यात शिक्षण शुल्क 1,05,000 आणि विकास शुल्क 15,000. ओबीसी मुलाला शिक्षण शुल्कात निम्मी सवलत, म्हणजे 52,500. उरलेले 67,500 खिशातूनच जाणार. याच कॉलेजात टीएफडब्ल्यूएसची (शिक्षण शुल्क पूर्ण माफ असलेल्या योजनेची) जागा मिळाली तर फक्त 15,000! या योजनेचा चॉइस कोड वेगळा असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतंत्र भरावा लागतो. कटऑफ चढा असतो म्हणून बरेच जण तो लिहीतच नाहीत. लिहायला काय जातं?

फॉर्ममध्ये 'हमखास मिळेल' ते कॉलेज वर टाकू नका. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज (म्हणजे कायम) होते, पुढच्या फेऱ्या बंद. शासकीय अभियांत्रिकी, एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) ही नावं पर्सेंटाइल थोडे कमी वाटले तरी वरच ठेवा. व्हीएनआयटी मात्र या यादीत शोधू नका, तिथले प्रवेश जेईई मेनवर होतात.

कागदपत्रांत नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपासा, ती 31 मार्चला संपते. जात पडताळणीचा अर्ज बारावीचं वर्ष सुरू असतानाच करा, जुलैत धावपळ करून हाती काही लागत नाही.

महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज मंजूर दिसतो, पैसे मात्र येत नाहीत? बँकेत जाऊन आधार खात्याशी जोडलंय का ते पाहा. आणि दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण स्वतःच करायचं असतं.